वाडी धरून

लोधिवलीच्या गोमा मास्तरला शिंगं फुटलीत, असं चौक ते कर्जतपर्यंतची अर्धी लग्नघरं म्हणायची. उरलेल्या अर्ध्यांनी त्याला बोलावणंच सोडलं होतं. आणि हे कशावरून, तर हा बँडवाला वाजवण्याआधी एक प्रश्न विचारायचा म्हणून. बरं, प्रश्नही काही जगावेगळा नव्हता. राग यावा अशीच ही गोष्ट आहे, फक्त तो कुणाचा यावा ते आधी ऐकून घ्या.

गोमा भातशेतीतला माणूस. पावसाळाभर गुडघाभर चिखलात असायचा, आणि तुळशीची लग्नं लागली की अंगात लाल कोट चढवून क्लॅरोनेट घेऊन निघायचा. सात जणांचा बँड होता. एसटीच्या टपावर ढोल बांधायचा, एसटी जिथे थांबेल तिथून पायी निघायचं, आणि शेताच्या बांधांवरून ढोल डोक्यावर घेऊन लग्नघर गाठायचं. कोटांच्या सोनेरी फिती घामाने काळ्या पडल्या होत्या. गावोगावी त्यांची उतरायची जागा ठरलेली असायची, गोठ्याच्या अंगाला किंवा शाळेच्या पडवीत. दिवसभर यांच्या वाजवण्यावर नाचणारी माणसं जेवणाच्या वेळी यांना विसरायची. शेवटची पंगत उठली की कुणीतरी ओरडायचं, "वाजंत्री राहिले रं," आणि मग भाताची खरवड यांच्या पत्रावळीवर यायची. गोमाच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण सहा जणांच्या पोटाकडे बघून तो ती खरवडीबरोबर गिळायचा.

एक गोष्ट मात्र तो पाळायचा आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावायचा. ज्या म्हाताऱ्या उस्तादाने त्याला खोपोलीत वाजवायला शिकवलं, त्याची ती शिस्त होती. परक्या गावात शिरलं की वाद्य पेटीतून काढायच्या आधी विचारायचं, गावात कुणाच्या घरी सुतक आहे का? असेल तर ते घर कुठलं ते बघून ठेवायचं. वरात त्या घराजवळ आली की गोमा क्लॅरोनेट तोंडातून काढून सरळ वर धरायचा. ती खूण दिसली की सातही जण जागच्या जागी बंद. दोन घरं मागे आणि दोन घरं पुढे, नुसती पावलं वाजायची. क्लॅरोनेट खाली आलं की पुन्हा सुरू. यात कुणाचा मुहूर्त कधी टळला नाही आणि कुणाचा नवरदेव घोड्यावरून पडला नाही.

शहात्तर सालच्या वैशाखात कळंबच्या बाजूला एका लग्नाची सुपारी होती. मुलाचा बाप धाकलूशेट, नावाने धाकला पण अख्ख्या गावावर वचक असलेला. गोमाने नेहमीप्रमाणे त्याला विचारलं. शेट पान लावत होता. त्याने वर न बघताच सांगितलं की गावात सगळं क्षेम आहे, तुम्ही खुशाल वाजवा.

वरात दिवस कलता निघाली. देवळाकडे जाणारा रस्ता ठाकर आदिवासींच्या वाडीला वळसा घालून जायचा, आणि तिथे पोचेपर्यंत पोरं रंगात आली होती. सदूचा ढोल नुसता घुमत होता. हा सदू गोमाच्याच आळीतला, गोमाने हाताला धरून शिकवलेला. वाडीतल्या पहिल्याच झोपडीसमोर गोमाचं लक्ष गेलं. दिवसाउजेडी आत दिवा लावलेला होता. दारात चार बाया बसल्या होत्या. त्यातल्या एकीचं कपाळ पुसलेलं, हात मोकळे. तिने दोन्ही कानांवर हात गच्च दाबून धरले होते आणि ती खाली बघत होती.

गोमाने क्लॅरोनेट वर धरलं. बँड थांबला. नाचणारे दोन पावलं तसेच नाचले आणि मग मागे वळून बघायला लागले.

गोमा टोपी काढून त्या दाराशी गेला. सकाळीच माती दिली होती. बाईचं नाव कोंडी आणि तिच्या नवऱ्याचं पोशा. मला सांगितलं नाही बाय, असं काहीतरी गोमा पुटपुटला. कोंडीने त्याच्या लाल कोटाकडे बघितलं.

"तेला बाजा लय आवडायचा," ती म्हणाली. "लगीन असलं का रानातनं पलत यायचा आयकायला. पन आज नको व्हता."

तोपर्यंत धाकलूशेट पुढे आला होता. मुहूर्त टळतोय, बंद का पडलात, म्हणून त्याने आधी आवाज चढवला. गोमाने सांगितलं की मी तुम्हाला विचारलं होतं. त्यावर शेट जे बोलला ते गोमाने मरेपर्यंत उगाळलं.

"आरं, तू गावाचं इचारलंस. ही वाडी हाय. वाडीचं सुतक गावाला कवा लागलंय?"

आणि गंमत बघा, शेट खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी वाडी गावात नव्हतीच. त्याची लावणी वाडीतल्या माणसांनी करायची, लग्नाच्या मांडवाचे डांबही पोशानेच आठवड्यापूर्वी रानातून आणलेले, आणि पोशा मेला तर गावात सगळं क्षेम. गोमाला शेटचा संताप आला, पण त्याहून जास्त स्वतःचा. इतकी वर्षं तो 'गावात' असंच विचारत आला होता. किती वाड्यांसमोरून आपण मस्तीत वाजवत गेलो, किती दारांत किती जणींनी कान दाबले असतील, याची त्याला मोजदाद करता येईना.

त्याने शेटला सांगितलं की वाडीचं शेवटचं घर मागे पडेपर्यंत वाजणार नाही. शेट म्हणाला, इथेच वाजणार, नाहीतर चालू लाग. गोमाने क्लॅरोनेट पेटीत ठेवलं. सातही जण उपाशीपोटी नेरळच्या रस्त्याला लागले. वाटेत सदू कुरकुरला की मास्तर, आपल्याला काय करायचं होतं, न बघितल्यासारखं केलं असतं. गोमा पेटी खांद्यावर घेऊन त्याच्या पुढे निघून गेला.

तेव्हापासून त्याचा प्रश्न बदलला. "गावात, वाडी धरून, कुनाकडं सुतक हाय का?" लग्नघरचे आधी हसायचे, मग वैतागायचे. वाडीत कोण जिवंत आणि कोण मेलं हे त्यांना ठाऊकच नसायचं, आणि ठाऊक नाही हे कबूल करायची लाज वाटायची. मग गोमा स्वतः वाडीत जाऊन विचारून यायचा. बँडवाला आमच्या गावची पाहणी करतो काय, असं लोक म्हणू लागले. सुपाऱ्या आटल्या. त्यात बेंजो आला. रसायनीच्या कारखान्यात लागलेल्या चार जणांनी टेंपोवर कर्णे बांधून बेंजो पार्टी काढली, आणि सदू ढोल घेऊन त्यांच्यात गेला. कोट पेटाऱ्यात गेले.

चौऱ्याऐंशीच्या मार्गशीर्षात गोमाची बायको चंद्राबाई वारली. तिसऱ्या दिवशी लोधिवलीतच एक लग्न होतं. गोमा दिव्याजवळ बसला होता आणि लांबून बेंजोचा आवाज यायला लागला. घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी म्हणालं की थांबतील, गावातलेच आहेत. आवाज वाढत गेला आणि भिंतीवरची भांडी थरथरायला लागली.

गोमा उठला. पेटाऱ्यातून क्लॅरोनेट काढलं आणि उघड्या डोक्याने, उघड्या अंगाने रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. टेंपो त्याच्यापासून चार हातांवर आला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. गोमाने क्लॅरोनेट सरळ वर धरलं.

टेंपोवर सदू मान खाली घालून ढोल बडवत होता. त्याची नजर वर गेली आणि हात थांबले. ठरवून नव्हे, ते हात तसेच शिकवलेले होते. ढोल गेल्यावर बेंजोवाला गोंधळला, तोही थांबला. जनरेटर तेवढा धडधडत राहिला.

सदू खाली उतरला. चंद्राबाईच्या हातची भाकरी त्याने दहा वर्षं खाल्ली होती. ती गेल्याचं कळलंच नाही, कंपनीत पाळ्या चालू होत्या, रात्रीही तिकडेच झोपत होतो, आज थेट टेंपोत बसून आलो, असं तो सांगायला लागला. गोमा त्याला मध्येच तोडून एवढंच म्हणाला,

"इचारलं व्हतंस का रं?"

गोमाने क्लॅरोनेट तसंच वर धरून टेंपोला वाट करून दिली, आणि शेवटचा वऱ्हाडी वळणापलीकडे जाईपर्यंत हात खाली घेतला नाही.