क्लिफर्डचं फडकं

क्लिफर्ड ॲकरॉइडइतका हेकट माणूस अख्ख्या हॅलिफॅक्समध्ये सापडायचा नाही. बायको म्युरिअल गेल्यापासून तो घरामागच्या शेडमध्ये कोळशाने चित्रं काढत बसतो. समोर मी, डोरीन, वय एकाहत्तर, अंगावर कपडा नाही आणि हीटर एकच, तोही त्याच्या पायाशी.

पाय, पोट, गुडघे तो झरझर काढायचा, वर पेस्टलचा गुलाबी-निळा रंग चोळायचा. मग चेहऱ्याशी अडायचा, तासभर खपायचा आणि फडक्याने तोंड साफ पुसून टाकायचा. पुसल्यावरच मला बघू द्यायचा. दर गुरुवारी हेच! चहाला उठताना माझ्या पावलांभोवती खडूने रेघ मारायचा, नंतर पावलं बरोब्बर रेघेत ठेवली तरी म्हणायचा, "हललीस तू."

"हलले नाही, गारठले! माझं तोंड इतकं वाईट आहे का रे?"

"गप्प बस गं बाई, हनुवटी हलते."

गेल्या गुरुवारी तर हद्दच झाली. गावच्या प्रदर्शनाची गाडी चारला चित्र न्यायला येणार होती. यंदा भिंतीवर मी असणार, असं बिंगो खेळायला जमणाऱ्या सगळ्या बायकांना मी सांगून बसले होते. क्लिफर्ड मागे सरकून बघत उभा राहिला, म्हणजे चेहरा पुरा झाला होता. आणि हा पुन्हा फडकं शोधायला लागला!

"आधी चहा आण!" मी ओरडले. तो घरात गेला. मी गाऊन अंगावर ओढला, पिशवीतला केसांचा स्प्रे काढला आणि चित्रावर भरपूर फवारला. रंग जरा काळवंडले, पण कोळसा पक्का बसला. पूस आता!

मग मी चित्र नीट बघितलं. गुडघे माझे, पोटाच्या वळ्या माझ्या. तोंड म्युरिअलचं. गिरणीत वर्षानुवर्षं माझ्या शेजारी उभी असायची ती. तिची वाकडी भुवई मी ओळखणार नाही तर कोण?

क्लिफर्ड कप घेऊन दारात थबकला. "काय केलंस हे?"

"मेल्या, मला सांगायचं नाही होय?"

"काय सांगू? दर वेळी तुला काढायला जातो आणि हीच येते. म्हणून पुसतो." त्याने कप खाली ठेवला.

बाहेर हॉर्न वाजला. चित्रामागे चित्रातल्या बाईचं नाव लिहायचं राहिलं होतं. पेन्सिल धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मला रडू येत होतं आणि तो कप त्याच्याच डोक्यात घालावासाही वाटत होता. बिंगोच्या बायका आता वर्षभर मला सोडणार नाहीत.

"तिचंच लिही," मी म्हणाले आणि ड्रायव्हरला थांबवायला अनवाणीच बाहेर धावले.