दादाने खोललेलं इंजिन

किस्से गोळा करायला कोणी मुद्दाम बसत नाही. खाडीकाठची एक शेड, कधी बंद न होणाऱ्या तोंडाची दोन-तीन माणसं आणि एक बिघडलेलं इंजिन, एवढं असलं की खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला गंज धरतो तसे ते आपोआप धरतात. आमच्या आचऱ्याच्या शेडीत तर थर साचलेत!

इंजिन माझ्या दादाचं. होडीच्या मागे लावतात ते, दोरी ओढून चालू करायचं, जुन्या काळातलं. गोव्याच्या एका भंगारवाल्याकडे पडलेलं दादाने उचलून आणलं. पास्कूमामा मिस्त्रीच्या शेडीत खोललं, सुटे भाग तेलाच्या डब्यांत भरले, आणि आंब्याच्या दिवसांत छातीत कळ येऊन स्वतःच गेला. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचला नाही.

वहिनीचा भाऊ वैभववाडीचा. तो म्हणाला, भंगारात देऊया. वहिनी म्हणाली, "नारळी पुनवेपर्यंत ऱ्हवांदे. चालू झाला तर घरात. नाय तर टेंपो घेवन ये."

मी म्हटलं, "चालू करतंय!"

इंजिनातलं मला काय येत होतं? नववी नापास मी. दादा मागेल तो पाना हातात द्यायचा, एवढंच. पण बोलून बसलो!

* * *

पहिल्याच दिवशी कळलं, पिस्टन जाम. मी हातोडा उचलला आणि घातला एक दणका.

पास्कूमामा ओरडला, "मेल्या, इंजिन आसा! फणस न्हय!"

मग ठरलं की काहीतरी ओतून भिजत ठेवायचं. काय ओतायचं यावर भांडण. मामा म्हणे रॉकेल. दादाचा दोस्त नारू, जो शेडीत कामाला कमी आणि सल्ला द्यायला जास्त येतो, तो म्हणे डिझेल. शेवटी मामाचंच चाललं. पण नारूने गुपचूप डिझेल ओतलं, आणि मी घरातून खोबरेल नेऊन ओतलं. कोणी कोणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पिस्टन सुटला! तिघंही म्हणतोय, माझ्यामुळे. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. वास घेतला आणि म्हणाली, "आता मोहरी टाका. फोडणी होयत!"

* * *

जुन्या इंजिनात ठिणगीची भानगड जुन्या पद्धतीची होती. दमट हवेत रुसायची. मामा म्हणाला, हे काढून नवीन इलेक्ट्रॉनिक बसवूया. मी मोबाइलवरून मागवलं.

नारूला मात्र सेल्फ-स्टार्टर पण हवा होता. शिवाय पुढे एलईडी आणि गाणी वाजवायला स्पीकर!

मामा म्हणाला, "इंजिन आसा काय लग्नाचो टेंपो? दोरीच बरी. बॅटरी उतारता, हात उतारणत नाय."

नवीन पार्ट बसवला. ठिणगी बघायची तर प्लग काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि दोरी ओढायची. मला घाई. मी प्लग हातातच धरला आणि ओढली दोरी!

पुढचं मला आठवतं ते जाळ्यांच्या ढिगात.

मामा जागचा हलला नाही. विडी शिलगावली आणि नारूला म्हणाला, "करंट येता."

* * *

मग कार्बोरेटर. त्यात पितळेचा एक बारीक जेट असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तो काही मिळेना. सगळे डबे उलटे केले, शेड झाडली. माझं डोकं फिरलं. मी खिशातून मोबाइल काढला आणि दादाला लावला.

रिंग वाजल्यावर कळलं, काय केलंय ते. कट करणार, तर फोन उचलला.

"काय रे?" वहिनी.

आता काय बोलणार? म्हटलं, "जेट खंय ठेवलान, विचारूचा होता."

ती म्हणाली, "माझ्या कुंकवाच्या करंड्यात आसा. हरवात म्हणान त्येनाच ठेवलेलो. आता तो करंडो कोण उघडता?"

जेट धुतला तेव्हा पाणी लाल झालं. मामा म्हणाला, "गंज असतलो." पितळेला लाल गंज चढत नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

* * *

इंजिन जोडलं, पाण्याने भरलेल्या पिंपावर टांगलं. नेमका त्याच दिवशी वहिनीचा भाऊ आला, पांढरा शर्ट घालून. टेंपोत इंजिन मावेल का ते बघायला.

मी रागाने दोरी ओढली. भर्रर्र! पहिल्याच दमात! मी खुळ्यासारखा गिअर टाकला आणि दिला फुल रेस. अर्धं पिंप भावाच्या अंगावर!

आणि इंजिन बंद. परत काही चालू होईना.

भावाने तोंड पुसलं. "ह्या मेलेलाच आसा मां?"

मी खालीच बघत होतो.

मामा म्हणाला, "मेलेला नाय. रुसलेला."

* * *

नारळी पुनव उजाडली. इंजिन खाडीत होडीला लावलं. काठावर टेंपो उभा. मी ओढतोय, नारू ओढतोय, हाताची सालटी निघाली. इंजिन ढिम्म!

शेवटी पास्कूमामाने टोपी काढली. "आता गाऱ्हाणा घालतंय."

नारू म्हणाला, "मामा, तू किरिस्ताव!"

"मगे? इंजिन हिंदू आसा?"

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. मामाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांनी रात नाय दिवस नाय मेहनत केल्यानी..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"इंजिनाक काय इडापिडा असात ती दूर कर, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

मागून वहिनीचा आवाज आला. "आणि माका न विचारता गेलो त्येचा काय, म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" सवयीने आम्ही ओरडून बसलो. टेंपोतून भाऊपण.

वहिनीने पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यातून होडीत चढली. "सर रे." मला बाजूला केलं आणि दोरी ओढली.

भर्रर्रर्र!

काठावर नारू नाचायला लागला. वहिनी फळीवर बसली.

"चल," मला म्हणाली.

"खंय?"

"पेट्रोल संपापर्यंत."

येताना वल्हं तिनेच मारलं.