मनाचे लिहू नये

आमच्या शाळेत यंदा नववीला नवीन पद्धत आली. काय शिकायचं ते प्रत्येकानं स्वतः ठरवायचं आणि आपल्या गतीनं शिकायचं, म्हणजे पुढं कॉलेजात कुणाचं अडणार नाही. ट्रेनिंगमध्ये मला हे अगदी पटलं होतं. पहिल्याच दिवशी मी वर्गात कोरे कागद वाटले आणि म्हणाले, "या महिन्यात तुम्हाला काय शिकायचंय, ते लिहा."

कुणी पेनच हलवेना. शेवटी दौलताबादहून रोज बसनं येणारी एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, पुस्तकातलं लिहू का मनाचं?"

"मनाचं."

"पण मनाचं लिहिलं की तुम्ही मार्क कापता नं?"

कुणी हसलं नाही. मला राग आला, पण तो काढायचा कुणावर? वीस वर्षं मुलांच्या पेपरांवर लाल पेनानं मीच लिहीत आले होते, 'मनाचे लिहू नये.'

"आता नाही कापणार," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटलं नाही. "मग फळ्यावर एक नमुना तरी द्या ना, मॅडम. लई अवघड आहे हे."

मी तिच्यावर ओरडणारच होते. तेवढ्यात टेबलावरच्या माझ्या कागदाकडं लक्ष गेलं. आपण यंदा काय शिकणार, हे शिक्षकांनीही लिहून द्यायचं होतं. माझं मी सकाळीच लिहिलं होतं, ट्रेनिंगच्या फाइलीतल्या नमुन्यावरून, शब्दन् शब्द उतरवून.

मी खडू उचलला.