पार्टी येणार आहे

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. नवीन पनवेलला घर घेतलं तेव्हा दोघंही जिने धावत चढायचो, त्यामुळे वरचा मजला म्हणजे हवा चांगली, एवढंच डोक्यात आलं. मग यांना अर्धांगाचा झटका आला. इस्पितळातून स्ट्रेचरवरून वर आणलं ते आणलंच. वर्ष उलटून गेलं, हे खाली उतरले नाहीत. हॉलमधल्या खुर्चीत बसायचं आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या टाक्या बघायच्या. हे घर विकून विचुंब्याला लिफ्टवाल्या इमारतीत जायचं, यांना परत माणसांत आणायचं, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

एका एजंटला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून पनवेलमधल्या झाडून सगळ्या एजंटांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाकडे म्हणे ‘जेन्युइन पार्टी’ तयार. पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं फोन घ्यायचा, तीच माहिती पुन्हा द्यायची, आणि ‘लिफ्ट नाही’ म्हटलं की पलीकडून तेच ‘बरं, कळवतो’. जीव विटून गेला अगदी. शेवटी ठरवलं, एकच माणूस धरायचा. कोट घालणारा, गोड बोलणारा, एसी ऑफिसवाला एक होता. त्याला काम दिलं.

पार्ट्या यायला लागल्या आणि यांना कोण आनंद! वर्षभरात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंखेरीज आमच्याकडे कोणी निवांत बसलं नव्हतं. हे आलेल्याला आग्रहानं बसवायचे, गाव विचारायचे, मला चहा टाकायला लावायचे, आणि मग जड जिभेनं, पण अगदी सविस्तर, घराची हकीकत सांगायचे. पाणी सकाळी तासभरच येतं. पावसाळ्यात त्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागते बरं का. आणि जिने? जिन्यांचं तर विचारूच नका. पार्टी चहा संपवून जायची ती जायचीच.

“तुम्हाला कोणी विचारलं होतं का?” मी एकदा चिडून म्हटलं.

“अगं, त्यांच्याबरोबर म्हातारी आई होती,” हे म्हणाले. “सांगायला नको?”

कपाळ माझं!

कोटवाल्यानं मला बाजूला घेतलं. “मॅडम, पार्टी आली की अंकलना आत झोपवा. पेशंट दिसला की निगेटिव्ह वाटतं.” मी तेही केलं. यांना बेडरूममध्ये झोपवलं आणि दार लोटून घेतलं. घर बघायला आलेली माणसं बेडरूम बघणारच, हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या. त्यांनी दार उघडलं तर हे उशीवरून म्हणाले, “या, या. ओल इथल्या भिंतीलाही येते.” मला हसू आवरेना आणि स्वतःची लाजही वाटली. संध्याकाळीच कोटवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

दुसरा एजंट विचुंब्याचाच. पन्नाशीचा, चपला दाराबाहेर काढून आत येणारा. पहिल्याच दिवशी तो यांच्याजवळ बसला, बादलीपर्यंतची सगळी कहाणी शांतपणे ऐकली, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“ताई, राग मानू नका. काका हॉलमधी बसलेत तवर हे घर इकायचं नाय.”

मी फणकारले. “मग काय कोंडून ठेवू त्यांना? तेही करून झालं.”

“कोंडायचं कशाला? खाली नेऊ. माझी दोन माणसं हायत, खुर्चीत बसवून उचलतील. पार्टी गेली की परत वर.”

त्यात काय एवढं, अशा थाटात तो बोलला.

रविवारी पार्टी यायच्या आधी त्याच्या माणसांनी यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं आणि जिन्यानं खाली नेलं. पार्टी घर बघत होती, एजंट बोलत होता, माझं सगळं लक्ष खिडकीतून खाली. हे गेटपाशी बसले होते. आजूबाजूला वॉचमन, तळमजल्यावरचे काका, भाजीवाली. भाजीवालीनं यांच्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी ठेवली होती आणि हे हात हलवून तिला काहीतरी समजावत होते. पार्टी निघून गेली तरी हे वर यायला तयार होईनात. अंधार पडल्यावर आले, घामाघूम आणि खूश.

थोड्या वेळानं एजंटचा फोन आला. त्या लोकांना चौथा मजला नको होता. मी फोन ठेवला तर यांनी विचारलं, “उद्या पार्टी येणार आहे का गं?”

“येणार आहे,” मी म्हटलं.

आत जाऊन पदर तोंडावर धरून रडले. याच इमारतीत इतकी माणसं राहतात, पण वर्षभरात यांना जरा खाली न्या म्हणून मी कोणाला म्हटलं नाही. उगाच कशाला कोणाला त्रास, असंच वाटत राहिलं. डोळे पुसून मी एजंटला पुन्हा फोन लावला.

“उद्या पार्टी नसली तरी तुमची माणसं पाठवाल का?”



“पाठवतो की ताई,” तो म्हणाला. “किती वाजता?”