न बोलावलेल्यांसाठी मांडलेलं टेबल

इल्झेआजी गेल्याचा फोन मला टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात आला, आणि तोही किमुरा-सानचा. ओजिमातल्या आमच्या इमारतीचे हे कारभारी. कचऱ्याच्या वर्गीकरणावरून त्यांचा नि आजींचा कायम छत्तीसचा आकडा. "वरच्या इल्झे-सान आज सकाळी वारल्या. तुम्हाला आधी कळवावं असं वाटलं," एवढंच ते म्हणाले... फोन मात्र ठेवेनात. शेवटी मीच ठेवला आणि मीटिंग सोडून जिन्यात जाऊन रडले.

आजी मूळच्या लाटव्हियाच्या, जन्म जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीतला. जर्मनीत शिकायला आलेल्या जपानी इंजिनिअरशी लग्न करून त्या टोकियोत आल्या. मूलबाळ नव्हतं आणि नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आमची ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरतीच होती. एकदा त्यांनी रेवासाठी, माझ्या लेकीसाठी, डबाभर बिस्किटं दिली. रिकामा डबा परत करायचा नसतो हे आपल्या हाडात भिनलेलं, म्हणून नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मी त्यात बेसनाचे लाडू भरून वर गेले. दार किलकिलं होतं. आत टेबलावर कडेला निळी वीण असलेलं पांढरं कापड, ठेवणीतल्या कपबश्या आणि मधोमध केशर घातलेला, वेटोळं करून भाजलेला गोड पाव. मी ओशाळून म्हटलं, "पाहुणे यायचेत वाटतं, मी नंतर येते." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तूच की पाहुणी! ये, बैस." आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्यांच्या लाटव्हियात कॅलेंडरात रोजच्या तारखेला माणसांची नावं वाटून दिलेली असतात. ज्याच्या नावाचा दिवस, त्याने टेबल मांडायचं, पण बोलावणं कुणालाच करायचं नाही. ज्याला आठवण असेल तो येतो. आणि इथे जपानात न बोलावता कोण कुणाच्या दारात जातो? म्हणजे नवरा गेल्यापासून ही बाई दरवर्षी टेबल मांडून बसत होती आणि रात्री एकटीच आवरत होती. "अहो, मग सांगायचं ना लोकांना!" मी म्हटलं. "सांगितलं की ते बोलावणं झालं," त्या म्हणाल्या. हट्टीपणात आमच्या पुण्यालाही हार न जाणाऱ्या!

तो दिवस खरं तर त्यांचा नव्हता, त्यांच्या आजोबांचा होता. आजोबांचं नाव मार्टिन्श. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाचा मुलगा, पहिल्या महायुद्धानंतर देश स्वतंत्र झाला तेव्हा संसदेत निवडून गेला. भूमिहीनांना जमीन देण्याच्या बाजूने भांडला, काही महिने मंत्रीही झाला. काही महिनेच, कारण पक्ष ढीगभर आणि सरकारं सारखी पडायची. संसदेत त्यांचे एक कट्टर विरोधक होते, जमीनदारांच्या बाजूने बोलणारे. दोघं भाषणांतून एकमेकांची सालटी काढायचे. आजोबांच्या नावाच्या दिवशी घर माणसांनी फुलून जायचं, फक्त हे गृहस्थ कधी फिरकले नाहीत. मग पंतप्रधानांनीच एका रात्रीत संसद बंद केली. आजोबा नव्या राजवटीपुढे वाकले नाहीत, गावी जाऊन मधमाश्या पाळू लागले. त्या नोव्हेंबरात इल्झेआजींच्या आजीने नेहमीसारखं टेबल मांडलं. भीतीपोटी कुणी आलं नाही. अंधार पडल्यावर दारात एकच माणूस उभा राहिला... तोच विरोधक. दोघं पहाटेपर्यंत भांडले म्हणे, पोटभर! पुढे रशियन आले, आजोबांना सैबेरियाला नेलं, ते परतले नाहीत. त्या आजीने मात्र जर्मनीतल्या छावणीतसुद्धा उलट्या खोक्यावर तेच कापड अंथरून तो दिवस पाळला.

त्या लाडवांच्या संध्याकाळनंतर एकही वर्ष आम्ही चुकवलं नाही. पाव भाजायला केशर मी पुण्याहून आणायचे. इल्झेआजींनी मला काय दिलं हे सांगायचं तर... रेवा मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर द्यायला लागली, तेव्हा मी हात टेकले होते. आजी म्हणाल्या, "उत्तर येतं का ते बघत बसू नकोस. तू टेबल मांड." मी मराठीत बोलत राहिले, ते त्यांच्यामुळे. शेवटच्या भेटीत हॉस्पिटलात त्यांनी ते कापड माझ्या हातात ठेवलं. मरणाची त्यांना धास्ती नव्हती. "माझ्यानंतर मार्टिन्शचा दिवस कोण करणार?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "मी करेन," असं मी म्हटलं खरं, पण तेव्हा मलाही खात्री नव्हती.

परवा तो दिवस होता. आमच्या छोट्या टेबलाला कापड मोठं झालं, मी ते दुमडून घातलं. पाव जरा करपला. दार किलकिलं ठेवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. तास गेला, दुसरा गेला. जिन्यातली पावलं दारावरून पुढे जात होती. आजी इतकी वर्षं काय ऐकत बसायच्या ते मला त्या दिवशी कळलं. मी कपबश्या उचलायला घेतल्या, तेवढ्यात दाराशी गेलेली रेवा ओरडली, "आई, पाहुणे आलेत!"

दारात किमुरा-सान होते, कोट घालून, हातात मिठाईचा खोका. "इल्झे-सानचं दार दरवर्षी या दिवशी उघडं दिसायचं," ते खाली बघत म्हणाले. "पण मला कधी कुणी बोलावलं नाही..."

"आम्ही कुणालाच बोलावत नाही," मी म्हटलं. त्यांनी बूट काढले, वळून दाराकडे तोंड करून नीट ठेवले, आणि मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.