काठाचा लाल दोरा

निपाणीहून बेळगावला येताना ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. चाळिशीची असावी. मोबाईलवर लिहिताना खालचा ओठ दातांत धरायची.

"आक्का, हात भाजला हे गोड शब्दांत कसं सांगायचं ओ?"

"भाजल्यावर कुणी गोड बोलतंय व्हय गं?"

ती हसली. घरी वापरलेल्या वस्तूंवर ती एका वेबसाइटसाठी लेख लिहायची. या खेपेला कुकर होता. आत वाफ असतानाच झाकण उघडतं, असं तिनं लिहिलं, तर 'नकारात्मक मजकूर चालत नाही' म्हणून लेख दोनदा परत आला. तिसऱ्यांदा आला तर तिचं लिहिणंच बंद होणार होतं.

"तेवढं वाक्य काढा म्हणत्यात, म्हणून आत्ताच काढलं बघा," म्हणत तिनं बाही वर सारली. मनगटावर चट्टा होता.

मी बेळगावच्या वडगावची, विणकराच्या घरातली. तिला सांगितलं, आमच्यात साडीत खोट राहिली की तिथंच काठाला लाल दोरा बांधतात, घेणारी फसू नये म्हणून. दोरा बघून साडी परत येते कधी कधी. पण माझ्या सासूनं तो कधी सोडू दिला नाही.

तिनं मोबाईल परत हातात घेतला. मग काढलेलं वाक्य परत घालून लेख पाठवला.

संकेश्वर यायच्या आत मोबाईल वाजला. तिनं वाचलं आणि उतरायला पिशवी उचलली.

"आली साडी परत, आक्का. दोरा सोडला न्हाय बघा."

तो लेख काही त्या वेबसाइटवर आला नाही. पण आमच्या गल्लीत कुणी नवा कुकर आणला की मी आधी झाकणाचं विचारते.