बाटलीतला भाऊ

महिन्यातून एकदा अलिबागच्या एका दवाखान्यात मला इम्युनोग्लोब्युलिनची बाटली चढवतात, तेव्हा शेजारच्या खाटेवर मुरुडकडचे एक वाडीवाले गृहस्थ असतात. आजार दोघांचा एकच. रोगप्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातपाय दुबळे पडत जातात. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे आमच्या घरासारखंच." सख्ख्या भावाशी त्यांचा वाडीच्या कुंपणावरून दावा चालू आहे.

हे औषध हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून काढतात, असं कळल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नाही, कारण भाऊ गावातलं एकही रक्तदान शिबीर चुकवत नाही. सुई टोचण्याआधी ते चष्मा लावून बाटली उजेडात बघतात आणि सिस्टरना विचारतात, "यात मुरुडचं काही नाही ना?" सिस्टर नाही म्हणतात. मग ते निवांत पडतात आणि बाटली संपेपर्यंत भावाला शिव्या देतात. मला त्या आता पाठ झाल्यात.

परवा मात्र सिस्टर वैतागल्या. "काका, असलं त्यांचं, तर काय करू? काढून टाकू?"

त्या दिवशी सदऱ्याची बटणं बायकोच्या मदतीशिवाय लावली, हे आल्याआल्या त्यांनी साऱ्या वॉर्डाला सांगितलं होतं. त्यातल्या एका बटणावर ते बोट फिरवत राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "पण त्याला कळता कामा नये. उद्या माझ्या हातांतही हिस्सा मागेल."